पतदूर ते पानिपत : मुक्काम कसे शोधायचे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. सदाशिवरावभाऊ १७६०च्या मार्चमध्ये पतदूरहून, म्हणजे आजच्या जालना जिल्ह्यातल्या परतूरहून, निघाले. ते पानिपतापर्यंत कोणत्या वाटेनं गेले, तळ नेमके कुठं पडले, आणि त्या जागा आज जाऊन बघता येतील का? तुम्ही तिघं मित्र दिवाळीच्या सुट्टीत गाडीनं निघणार आहात. बारा गावांची यादी केलीत आणि फोनवरच्या नकाशात ती जोडूनही टाकलीत.

ती जोडणारी रेघ आधी पुसून टाका. ठिपके राहू द्या, ते बरेचसे बरोबर आहेत. बऱ्हाणपूर, हंडिया, सिरोंज, ग्वाल्हेर, धोलपूर, आग्रा, मथुरा, दिल्ली, कुंजपुरा या जागांबद्दल फारसा वाद नाही. घोटाळा मधल्या रेघेत आहे. फोन पुलावरून रस्ता काढतो आणि फौज उतारावरून, म्हणजे नदी पायी ओलांडता येईल अशा जागेवरून, जायची. नर्मदेवर किंवा चंबळेवर आजचा पूल जिथं आहे तिथं १७६० साली घोडं, बैल आणि तोफ उतरली असेलच असं नाही. एकदा नदी चुकली की पुढचे चार-पाच मुक्काम आपोआप चुकतात.

मी हे काम वीसेक वर्षं करतोय आणि एवढ्या काळात एकच गोष्ट पक्की डोक्यात बसली आहे. फौज पाण्यावरून पाण्यावर जाते. गाव, किल्ला, देऊळ ही कागदातली नावं. रात्री जनावरं जिथं पाणी प्यायली ती जागा म्हणजे तळ.

हिशेब करून बघा. घोड्याला दिवसाला तीस-चाळीस लिटर पाणी लागतं. दहा हजार घोडी धरली तर तीन-चार लाख लिटर झालं. बैल, उंट, हत्ती, माणसं आणि बाजारबुणगे अजून बाहेरच आहेत. आकडा मोठा वाटतो, पण बारमाही ओढ्यातून एवढं पाणी सहज वाहतं. अडचण असते ती काठाची. एका वेळी किती जनावरं पाण्याला लागू शकतील? दरड उभी असेल तर नदी भरून वाहत असली तरी उपयोग शून्य. म्हणून मी नकाशावर आधी काठाचा उतार बघतो, पाणी नंतर. काठ सपाट, पलीकडं मोकळं माळरान, आणि वरच्या अंगाला माणसांच्या पिण्यापुरती स्वच्छ जागा, एवढं जिथं जुळतं तिथं पेन्सिलीनं गोल करून ठेवायचा.

तळ म्हणजे केवढी जागा असते हे ज्यांना समजत नाही त्यांना मी एकदा ज्ञानोबांच्या पालखीबरोबर चालून या म्हणतो. गंमत म्हणून सांगत नाही. आजच्या सोहळ्याची घडी बसवली ती हैबतबाबा आरफळकरांनी, आणि ते स्वतः शिंद्यांच्या पदरी असलेले सरदार. शितोळे सरकारांचे अश्व, रथापुढच्या आणि रथामागच्या दिंड्यांचे ठरलेले क्रमांक, तळावर प्रत्येकाची ठरलेली जागा, चोपदारानं दंड उंचावला की क्षणात होणारी शांतता, यात लष्करी शिस्त दिसते. मी पहिल्यांदा तळावर उभा राहिलो तेव्हा पुढच्या राहुट्या ठोकून चुली पेटल्या होत्या आणि मागच्या दिंड्या अजून दुपारच्या विसाव्यावरून हललेल्याही नव्हत्या. गावाचं नाव एक, आणि तळ पसरलेला दोन-तीन गावांच्या शिवारात. तेव्हापासून नकाशात तळासाठी मी ठिपका काढत नाही, डाग काढतो.

आता कागदांकडं येऊ. इथं तुमचा वेळ जाणार आहे, आणि जायलाच हवा.

पानिपत मोहिमेची पत्रं भरपूर छापली गेली आहेत. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधनें’चा पहिला खंड, १८९८ सालचा, याच काळाचा आहे. सरदेसाईंनी संपादित केलेल्या पेशवे दफ्तराच्या पंचेचाळीस खंडांतही बराच माल आहे. बखरी वाचा, पण मुक्काम ठरवायला वापरू नका. भाऊसाहेबांची बखर वाचताना अंगावर काटा येतो, पण तारीख आणि अंतर हे तिचं काम नव्हे. पत्र मात्र त्याच दिवशी, त्याच डेऱ्यात बसून लिहिलेलं असतं. त्याहूनही भरवशाचा कागद म्हणजे रोजकीर्द. हिशेब लिहिणाऱ्या कारकुनाला पराक्रमाशी देणंघेणं नसतं. दिवस, मुक्काम, खर्च एवढंच तो टिपतो. एखाद्या स्वारीची कीर्द हाती लागली आणि तिच्यात नावाड्यांना दिलेली रक्कम दिसली, तर त्या दिवशी फौज नदी उतरत होती हे वेगळं सिद्ध करायला नको.

पत्राची तारीख लावताना बहुतेक नवखे घसरतात. पत्रात ‘छ ७ जमादिलाखर’ असं येतं. इथला छ म्हणजे चंद्र, हिजरी महिन्याचा दिवस. हिजरी महिना चंद्रदर्शनानं सुरू होतो, म्हणजे साधारण आपल्या शुद्ध द्वितीयेच्या सुमाराला. त्यामुळं शुद्ध पक्षातली तिथी आणि चंद्र यांत एखाद-दुसऱ्या दिवसाचाच फरक पडतो. पानिपतच्या लढाईचा दिवस पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२, बुधवार, १४ जानेवारी १७६१. या दिवशी चंद्र सहावा किंवा सातवा येणार, पंधरावा येऊच शकत नाही. तारखा रूपांतरित करायला संकेतस्थळं आहेत, खुशाल वापरा, पण ही बोटांवरची पडताळणी सोडू नका. वार दिला असेल तर तोही जुळवा. तिथी, चंद्र आणि वार तिन्ही जुळले तरच मी तारीख शाईनं लिहितो.

सालाचं प्रकरण आणखी मजेशीर आहे. पतदूरहून कूच झालं आणि आठवड्याच्या आत गुढीपाडवा आला, शके १६८१ संपून १६८२ लागलं. जूनच्या पहिल्या आठवड्यात मृग लागला आणि सुहूर सन, म्हणजे मराठी कागदांत अरबी शब्दांत लिहिलं जाणारं साल, बदललं. तोवरच्या पत्रांत ‘सितैन मया व अलफ’, म्हणजे ११६०. तिथून पुढं ‘इहिदे सितैन मया व अलफ’, म्हणजे ११६१. नेमकी त्याच सुमाराला, ८ जूनला, फौज चंबळ उतरत होती. पुढं ऑगस्टच्या मध्याला, दिल्ली हातात आल्यावर, हिजरी ११७३ संपून ११७४ सुरू झालं. एका मोहिमेत तीन पंचांगांची तीन वर्षं तीन वेगवेगळ्या ठिकाणी बदलली. भरीला त्याच वर्षात अधिक महिना. कारकून थकलेला, ऊन मी म्हणतंय, अशात जुनं साल एखाद्या पत्रात राहून गेलं तर नवल काय? अशी पत्रं वर्षभर मागं ढकलली गेली की भाऊ एकाच वेळी दोन ठिकाणी दिसायला लागतात.

माझी स्वतःची फजिती सांगतो. वऱ्हाडातल्या एका लहानशा स्वारीचा माग काढत होतो. पत्राच्या पाठीवर तारीख होती, तीच धरून हिशेब केला, एका गावापाशी तळ ठरवला आणि दोन दिवस तिथं ठाण मांडून बसलो. गावकऱ्यांनी जेवू घातलं, ओढा दाखवला, ‘इथं मोठी फौज उतरली होती’ असा फलक लावायचं ठरवूनही टाकलं. घरी येऊन तोच कागद पुन्हा काढला तेव्हा तारखेआधीचं ‘पै॥’ दिसलं. पैवस्त, म्हणजे पत्र पोचल्याची तारीख. पत्र लिहिलं गेलं होतं त्याच्या नऊ दिवस आधी, आणि फौज होती तिथून पाच-सहा मजला मागं. फलकाचं सामान तोवर आलं होतं. फोन करून नको म्हणताना जी लाज वाटली, ती अजून विसरलो नाही.

मजकुरात ‘नजीक’ शब्द दिसला की थांबा. ‘मुक्काम नजीक अमुक’ म्हणजे अमुक गावात नव्हे. दोन कोसांवरही असू शकतो. शिवाय नावं. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ जवळजवळ नसतं, शब्द तोडून लिहीत नाहीत, आणि उत्तरेकडची गावं आपला कारकून कानावर पडली तशी उतरवतो. पिंपळगाव आणि वडगाव महाराष्ट्रात किती आहेत ते तुम्हाला सांगायला नको. नाव जुळलं म्हणून गाव जुळत नाही. आदल्या आणि पुढच्या मुक्कामापासून अंतर जुळायला हवं.

अंतराचा अंदाज असा बांधा. पतदूर ते ग्वाल्हेर जुन्या वाटेनं साडेआठशे-नऊशे किलोमीटर धरा. मार्चच्या मध्याला निघालेली फौज ३० मेला ग्वाल्हेरात पोचली, म्हणजे अडीच महिने. सरासरी पडली दिवसाला अकरा-बारा किलोमीटर. पण सरासरीनं मुक्काम पडत नसतात. एक दिवस सात कोसांची मजल, मग दोन दिवस मुक्काम, मग नदीवर चार दिवस. त्यामुळं मी दोन पक्क्या तारखांमधलं अंतर समान भागांत कधीच वाटत नाही. मधल्या पाण्याच्या जागा काढतो आणि बघतो, जनावरांना पाण्याविना जास्तीत जास्त किती चालावं लागलं असतं. माळव्यात चैत्र-वैशाखात बहुतेक ओढे कोरडे पडतात, त्यामुळं उरतात त्या जागा मोजक्याच. एका अर्थी उन्हाळ्यातली मोहीम शोधायला सोपी, कारण फौजेपुढं पर्यायच कमी असतात.

याचसाठी दिवाळीत जाऊ नका. दिवाळीत माळव्यातला प्रत्येक नाला वाहताना दिसेल आणि तुम्हाला जागोजागी तळ भासेल. परतूर ते सिरोंज हा टप्पा एप्रिलमध्येच करा. ऊन लागेल, लागू द्या. दिल्लीच्या पुढचा भाग मात्र दिवाळीच्या सुमाराला चालेल, कारण कुंजपुरा १७ ऑक्टोबरला पडलं आणि फौज पानिपतावर आली तेव्हा ऑक्टोबर संपत आला होता.

मोठ्या मोहिमेला हात घालण्याआधी एक छोटी मोहीम करून बघा. पुण्या-मुंबईकडून दोन दिवसांत होते, आणि यातलं बहुतेक शिकवून जाते. ती म्हणजे १७७८-७९ची, राघोबादादांना गादीवर बसवायला निघालेल्या इंग्रजांची वडगावची स्वारी. मुंबईहून पनवेल, तिथून बोरघाट, खंडाळा, कार्ला, तळेगाव, आणि परतताना वडगाव. बस्स, एवढीच वाट. कंपनीचे सुमारे ३,९०० लढाऊ लोक, आणि सामानाला १९,००० बैल. घाट चढून खंडाळ्यापासून कार्ल्यापर्यंतच्या आठेक मैलांना त्यांना अकरा दिवस लागले. इतके दिवस का लागले असतील, हे कोड्यासारखं सोडवून बघा. सेनापती निर्णय घेईना, मराठे सतत छापे घालत होते, हे आहेच. पण बैलांची रांगही मोजा. दोन-दोन बैल जोडीनं चालवले आणि एका जोडीला मागंपुढं तीन मीटर जागा दिली, तर साडेअठ्ठावीस किलोमीटरांची रांग होते! खंडाळा ते कार्ला अंतर तेरा किलोमीटर. म्हणजे पुढचा बैल कार्ल्यात टेकला तरी शेपूट घाटाखाली खोपोलीच्याही मागं. अशा फौजेला एक तळ नसतोच. एका वेळी तीन-चार तळ असतात, आणि ज्या अधिकाऱ्याचं पत्र आपल्या हाती लागतं तो त्यातल्या एका तळात बसलेला असतो. पानिपतच्या पत्रांनाही हेच लागू. बिनीवाला, म्हणजे आघाडीचा सरदार, पुढच्या नदीवर, भाऊ मधे, तोफखाना एक मजल मागं. दोन पत्रांत एकाच दिवशी दोन मुक्काम दिसले तर एक खोटं ठरवण्याची घाई करू नका.

कार्ल्याला ४ जानेवारी १७७९ला कॅप्टन स्टुअर्ट तोफेच्या गोळ्यानं पडला. आपल्या लोकांनी त्याचं नाव ‘इष्टुर फाकडा’ ठेवलं, आणि शत्रूला असं कौतुकाचं नाव देणं मला फार आवडतं. पण त्याची समाधी म्हणून जी जागा दाखवतात ती वडगावात. मधे पंधरा-वीस किलोमीटर. समाधी, चबुतरा, स्मारक जिथं असतं तिथंच घटना घडली असं समजू नका, हा पहिला धडा. पुढं ९ जानेवारीला फौज तळेगावात आली तेव्हा गाव ओस पडलं होतं, धान्य-वैरण जाळलेली. ११च्या रात्री अकराच्या सुमाराला इंग्रजांनी जड तोफा तळ्यात ढकलल्या आणि माघार घेतली. ते तळं आजही आहे. काठावर उभे राहा आणि वडगावची दिशा धरा. त्या रात्रीचं पंचांग मी मांडून पाहिलं. १७ तारखेच्या आसपास अमावास्या, म्हणजे पौष वद्य अष्टमी-नवमीची रात्र, चंद्र मध्यरात्र उलटल्यावर उगवणार. गुपचूप सटकायला अंधार मिळावा आणि पुढं वाट दिसायला थोडा उजेड, अशी ती वेळ. त्यांनी हे ठरवून केलं की नाही, माझ्याकडं पुरावा नाही. पण अंधार किती होता हे माहीत असल्याशिवाय माघारीच्या वाटेवर पाऊल टाकू नये. मराठ्यांनी त्यांना गाठलंच, आणि १६ जानेवारीला वडगावचा तह झाला.

या टप्प्यात पाण्यानं फसू नका. लोणावळ्याच्या परिसरातले वळवणसारखे तलाव विसाव्या शतकातले, वीजनिर्मितीसाठी बांधलेले. मावळातलं १७७९चं पाणी म्हणजे मुख्यतः इंद्रायणी आणि तिला मिळणारे ओढे.

हीच अडचण मोठ्या प्रमाणावर नर्मदेवर येते. हंडियाचा घाट, समोर नेमावर, ही जागा पक्की. पण खालच्या अंगाला पुनासाजवळ इंदिरासागर धरण झालं, २००४मध्ये हरसूद गाव त्यात गेलं. आजची नर्मदा बघून १७६०चा उतार ठरवता येत नाही. अशा ठिकाणी कोरोनाची चित्रं बघा. आजारातला कोरोना नव्हे, अमेरिकेच्या हेर-उपग्रहांचा कार्यक्रम. १९६० ते ७२ या काळात काढलेली ही चित्रं १९९५ साली खुली झाली. धरणांआधीची, ट्रॅक्टरच्या नांगरटीआधीची जमीन त्यात दिसते. वाळूची बेटं, पात्र कुठं पसरट आहे, दोन्ही काठांवरून पायवाटा कुठं एकवटतात हे त्यात बघायचं. पायवाटा पाण्याच्या कडेला येऊन जिथं थांबतात आणि समोरच्या काठावर पुन्हा सुरू होतात, तो उतार. त्याच्या जोडीला सर्व्हे ऑफ इंडियाचे जुने एक इंचाला एक मैलाचे नकाशे. त्यांवर जुने घाट, नावा आणि कितीतरी ठिकाणी लष्कराच्या तळाच्या जागाही नोंदलेल्या असतात. त्या इंग्रजी अमलातल्या, पण पाणी तेच असल्यामुळं जुन्या तळांवरच पडलेल्या बऱ्याचदा आढळतात. उंचसखलपणासाठी उपग्रहावरची फुकट मिळणारी आकडेवारी पुरते. संगणकाला ‘सर्वांत सोपी वाट काढ’ म्हणून सांगू नका. त्याला चढ कळतो, वैरण कळत नाही.

गंभीर नदीपाशी पोचलात की घाई करू नका. चंबळ उतरून आग्र्याच्या दक्षिणेला या नदीवर फौज अडकून पडली. भाऊंचा बेत यमुना उतरून अंतर्वेदीत, म्हणजे गंगा-यमुनेच्या मधल्या मुलखात, शिरायचा, अब्दालीला तिकडं गाठायचं. त्यासाठी तिकडचा मराठी कारभार बघणाऱ्या गोविंदपंत बुंदेल्यांकडं होड्यांची मागणी चालली होती. पाऊस लागला, यमुना फुगली, बेत गेला. मला विचाराल तर साऱ्या वाटेवरची ही जागा सर्वांत महत्त्वाची, आणि लोक तिथून गाडी न थांबवता आग्र्याला ताज बघायला जातात. इथं तळ आठवड्यांच्या हिशेबात होता, एका रात्रीचा नव्हे. इतके दिवस थांबलेल्या फौजेला भोवतीच्या दहा-पंधरा कोसांतून वैरण आणावी लागते, कही, म्हणजे वैरण आणणारी टोळी, रोज लांब लांब जाते. पत्रांत कहीवर झालेल्या चकमकींची गावं आली की ती नकाशावर मांडा. त्यांच्या मधोमध तळ सापडतो. पानिपतच्या अडीच महिन्यांच्या कोंडीतही हीच रीत उपयोगी पडते, तिथं कहीचा घेर दिवसेंदिवस आवळत गेलेला दिसतो.

आता गावात गेल्यावर काय विचारायचं. ‘इथं भाऊसाहेबांचा तळ होता का?’ असं कधीही विचारू नका. उत्तर ‘हो’च येणार. पाहुण्याला निराश करणं आपल्याकडं असभ्यपणा. मी धनगर किंवा गुराखी शोधतो, चहा पितो आणि विचारतो, ‘वैशाखात पाणी कुठं टिकतं?’ ‘मेंढरं बसवायला जागा कुठली?’ ‘पूल व्हायच्या आधी नदी कुठून उतरायचा?’ ही उत्तरं इतिहासाबद्दल नसल्यामुळं खरी असतात. एकदा एका म्हाताऱ्यानं काठीनं मातीत रेघ ओढून पाण्याच्या चार जागा दाखवल्या. त्यातल्या तीन माझ्या वहीत पेन्सिलीच्या गोलात होत्या. चौथी नव्हती, आणि तीच पत्राच्या अंतराशी जुळली.

शिवारांची नावं विचारा, पण जपून. तोफखाना, लष्कर, हत्तीतळ, छावणी, उत्तरेत पडाव, असली नावं ऐकून उडी मारू नका. ग्वाल्हेरचं लष्कर हे ठळक उदाहरण. नाव छावणीवरूनच पडलं, पण ती छावणी दौलतराव शिंद्यांची, १८१०ची. भाऊ तिथून पन्नास वर्षं आधी गेले. आणि छावणी म्हणजे पावसाळ्यातला बऱ्याच दिवसांचा मुक्काम, तळ म्हणजे वाटेवरचा. कागदात हा फरक काटेकोर पाळलेला असतो, बोलण्यात नाही.

मथुरेच्या पुढं वाट सोपी होते. आग्रा-दिल्ली-लाहोर हा बादशाही रस्ता, आणि त्याचे कोसमिनार अजून उभे आहेत. कर्नाल-पानिपत भागात तर बरेच. दोन मिनारांमधलं अंतर स्वतः मोजा, म्हणजे पत्रातला उत्तरेकडचा ‘कोस’ किती ते हातात येईल. इथं फसवणारी गोष्ट यमुना. बागपतजवळ २५ ऑक्टोबरला अब्दाली उतरायला लागला तो उतार आजच्या पात्रावर शोधू नका. नदी सरकली आहे. उपग्रहचित्रात जुन्या पात्राच्या ओलसर पट्ट्या आणि अर्धचंद्रासारखी तळी दिसतात, त्यांच्या कडेची जुनी गावं बघा.

जमिनीत काही सापडलं तर? शिशाची गोळी, नाल, नाणं. उचलू नका, खणू नका, धातुशोधक यंत्र तर नेऊच नका. १८७८चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीची जुनी वस्तू जमिनीत सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागते. संरक्षित स्मारकाच्या भोवती १९५८च्या कायद्याचे निर्बंध वेगळे. फोटो काढा, जागेचे अक्षांश-रेखांश टिपा, जमीनमालकाला सांगा. गोळी खिशात घालून घरी आणली की तिची किंमत शिशाच्या तुकड्याएवढी, कारण ती कुठं होती हेच तिचं सांगणं होतं.

वहीत पाच रकाने पाडा: तारीख, कागदातलं नाव, आजचं गाव, पाणी, आणि खात्री. खात्रीच्या रकान्यात मी तीनच खुणा करतो. शाई म्हणजे तारीख, अंतर आणि पाणी तिन्ही जुळलं. पेन्सिल म्हणजे दोन जुळली. रिकामं म्हणजे नुसतं नाव. पतदूर ते पानिपत माझ्या वहीत अजून निम्म्याहून जास्त पेन्सिल आहे. तुमच्या यादीतले बारा ठिपके या रकान्यांत भरा, आणि पौषाच्या वद्य पक्षात एका रात्री अकरा वाजता तळेगावच्या तळ्यावर जा. विजेरी बंद ठेवून चंद्र उगवेपर्यंत थांबा. मग वडगावच्या दिशेनं चालायला लागा.